बर्फाच्या बिशपचा खून

१

बिशप पालथा पडला होता. टोपी एकीकडे, धड दुसरीकडे, आणि आशीर्वादाला उचललेला हात कुठे उडाला ते कोणालाच सांगता येईना.

केटिलने हातमोजा काढला, बिशपच्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कुऱ्हाड. आणि एका घावात नाही. मेहनत घेतलीय."

"मग बघतोस काय? पकड त्या वाटाड्या पोरीला!" कोल्बेइन ओरडला. त्याच्या आवाजाने छताचा एक तुकडा सुटला आणि त्याच्याच खांद्यावर पडला. ते पाहून त्याच्याच टोळीतल्या, शेजारी उभ्या रानवेगला सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

बिशप बर्फाचा होता. हिमनदीच्या पोटातल्या या गुहेत उन्हाळ्याच्या पाण्याने त्याला घडवलं होतं. माणसापेक्षा उंच, शाईसारखा निळा, डोक्यावर टोकदार टोपी. तो सापडला ड्रीवाला, हिवाळ्याच्या तोंडावर. आधी ती मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करायची. यंदा तिने तो सुरा ठेवून दिला आणि लोकांना बर्फावर नेऊन फोटो काढू द्यायचा परवाना घेतला. कोल्बेइनची टोळी ही तिची पहिलीच टोळी.

केटिल हा तालुक्याचा अर्धा पोलीस. उरलेला अर्धा दिवस तो गावच्या पोहण्याच्या तलावावर देखरेख करी, आणि त्याचं खरं शिक्षण तिथेच झालं होतं. कपडे काढून, साबण लावून अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असा देशभरचा दंडक. "केली की अंघोळ" म्हणणाऱ्या तोंडांतून खोटं तोंड ओळखणं हे त्याचं काम. खून त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. आज आला तोही बिशपचा.

"काल संध्याकाळी हा उभा होता," ड्रीवा म्हणाली. "मी सगळ्यांना दाखवायला आणलं. पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढायचा नाही, नुसतं बघायचं, हा माझा नियम आहे. फोटो आज काढायचे होते."

"ऐकलंस? नियम!" कोल्बेइन म्हणाला. "आम्हाला फोटो काढू दिला नाही आणि रात्रीतून येऊन तोडला. परवाना देणाऱ्यांना मी आजच फोन करणार. हिला पुन्हा मासे कापायला बसवतो की नाही बघ."

"मी कशाला तोडू? माझं पोट आहे त्याच्यावर."

"ते मला नाही माहीत. पण तुझ्याशिवाय दुसरं कोणी तोडूच शकत नाही, हे मी सिद्ध करून दाखवतो." कोल्बेइनने नाक पुसलं. "घरी चल, केटिल. ओड्डुरच्या पायानिशी सिद्ध करतो."

२

ओड्डुरचं शेत हिमनदीच्या पायथ्याशी होतं. घरात खाली ओड्डुर, वर पाहुण्यांच्या खोल्या. ड्रीवा अंगणापलीकडच्या लाकडी खोपटात झोपायची. बर्फावर चालायचे काटे आणि कुऱ्हाडीही त्याच खोपटाच्या पडवीत टांगलेल्या असत.

पाहुणे म्हणजे उत्तरेकडच्या एका छायाचित्र मंडळाचे सभासद. मंडळ जुनं. एके काळी त्यात पुष्कळ माणसं होती. मग कोल्बेइन, रानवेग आणि टोर्फी यांनी एकमेकांशी भांडून बाकीच्यांना घरी पाठवलं. आता उरलेले तिघे दर हिवाळ्यात सहलीला जात, कारण ज्यांचा एवढा तिटकारा आहे त्यांना एकटं सोडायला त्यांचं मन धजत नसे.

"हे बघ अंगण," कोल्बेइन म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष असलेला हा निवृत्त मुख्याध्यापक अजूनही हवेत खडू धरून बोलायचा. "रात्री जेवणानंतर बर्फ पडायला लागला. पहाटे थांबला. ही गठ्ठ्यांची भिंत आडवी आहे, म्हणून इथे वारा लागत नाही, पडलेला बर्फ तसाच राहतो. पलीकडे वाऱ्याने सगळं घासून नेलंय, तिकडे हत्ती गेला तरी ठसा राहायचा नाही. बरोबर?"

पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांची ती भिंत घराला आणि अंगणाला तिन्ही बाजूंनी कवेत घेऊन उभी होती. केटिलने मान हलवली.

"आता ठसे मोज. ड्रीवा सकाळी खोपटातून पुढच्या दाराशी आली, ते हे. आम्ही सगळे तिच्यामागे गेलो, ते हे. आणि बाकी सगळीकडे—"

बाकी सगळीकडे एका अनवाणी पायाचे ठसे होते. एकाच पायाचे. घराला गोल वेढा घालून ते पुन्हा पुढच्या दाराशी येत होते.

केटिलला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज जुन्या पंचांगातल्या, भर हिवाळ्याच्या थॉरी महिन्याचा पहिला दिवस. घरच्या कर्त्या पुरुषाने झोपेतून उठायचं, पँटच्या एकाच पायात पाय घालायचा, दुसरा पाय मागे लोंबत ठेवायचा आणि अनवाणी लंगडी घालत घराभोवती फिरून हिवाळ्याचं स्वागत करायचं. अशी जुनी रीत. आता ती बहुतेक जण फक्त सांगतात. ओड्डुर पाळतो.

"मी उठलो तेव्हा आभाळ लख्ख होतं," ओड्डुर दारातून अभिमानाने म्हणाला. "डोक्यावर ध्रुवप्रकाशाचे हिरवे उजेड नाचत होते आणि खाली मी."

"झालं!" कोल्बेइन म्हणाला. "घरातून रात्री कोणी गेलं असेल तर परत यायला हवं. परत आलं तर बुटांचे ठसे हवेत. आहेत? नाहीत. घराबाहेर झोपलेलं माणूस एकच. अरे, माझं चुकलं तर मी ओड्डुरची पँट घालून याच घराभोवती लंगडी घालीन!"

"साक्षीला मी आहे," रानवेग म्हणाली.

ड्रीवा मागे वळली होती. ती आपल्या खोपटाकडे पाहत होती. अंगण मुकाट होतं आणि कोल्बेइनच्या बाजूचं होतं.

३

केटिलने स्वयंपाकघरात कॉफी मागवली आणि एकेकाला बोलावलं. घरात सगळे मोज्यांवर होते; बूट घालून आत येणाऱ्याला ओड्डुरने मेंढ्यांत नेऊन ठेवलं असतं.

रानवेग आधी आली. ही औषधांच्या दुकानात असायची, आणि गिऱ्हाइकाला आजारापेक्षा हिची भीती जास्त.

"मी केलं असतं तर बिशप नसता तोडला," ती म्हणाली. "कोल्बेइनला तोडलं असतं. रात्रभर झोपले होते. भिंतीपलीकडे तो घोरत होता. त्याचं घोरणंसुद्धा भाषणासारखं, मध्ये टाळ्यांसाठी थांबतो."

"टोर्फीची खोली?"

"जिन्याच्या टोकाला. तो घोरत नाही. तो काहीच करत नाही. वर्षानुवर्षं आमच्या प्रदर्शनात त्याचा दुसरा नंबर येतो आणि वर्षानुवर्षं तो पहिल्याचं अभिनंदन करतो. मला असली माणसं बघवत नाहीत."

"पहिला कोण येतं?"

"एकदा मी, एकदा कोल्बेइन. ज्याचं भांडण मोठं त्याचा."

कोल्बेइनला केटिलने फारसं विचारलं नाही, त्यानेच केटिलला विचारलं. शाळा कुठली, शिक्षक कोण, आणि असा कसा झालास.

टोर्फी आला तो हसत. दातांचा डॉक्टर. आवाज मऊ, हात मऊ. केटिलला त्याने स्वतःहून कॉफी ओतून दिली.

"पोरीला सांभाळून घे रे," तो म्हणाला. "लहान आहे. रागाच्या भरात केलं असेल. काल कोल्बेइन तिला काय काय बोलला! मी तिला माफ केलंय."

"तिने केलं असं कोणी सिद्ध केलेलं नाही."

"हो, हो. केलं असेल तर, म्हणतो मी."

टेबलावर त्याचा कॅमेरा होता. जुना, जड, फिल्मचा. हे लोक डिजिटल कॅमेऱ्याने टिपतात, आपण थांबून घेतो, असं तो म्हणाला. मागून रानवेगचा आवाज आला, "त्याच्या डब्यातून फोटो निघेपर्यंत हिमनदी वितळते!" स्वयंपाकघराच्या दाराला कान लावल्याची तिला लाज नव्हती.

"काल ड्रीवाही चेष्टा करत होती," टोर्फी हसला. "म्हणे, या थंडीत फिल्म काचेसारखी होते, उबेत ठेव, हळू फिरव. तिच्या जन्माआधीपासून फिल्म फिरवतोय मी."

तो उठला तेव्हा केटिलची नजर त्याच्या पायांवर गेली. उजव्या पायात एक मोजा. डाव्यात दोन.

"काटे घासले," टोर्फी म्हणाला. केटिलने विचारलं नव्हतं.

तलावावर असंच होतं. ज्याने अंघोळ केलेली नसते तोच आपण होऊन साबणाचा वास सांगतो.

केटिल कॉफी अर्धी टाकून मागच्या दाराने बाहेर पडला. आणि तिथेच थबकला.

४

घराच्या मागे वेढा एकटा नव्हता. त्याला शेपूट होतं. गठ्ठ्यांच्या भिंतीतल्या फटीपासून मागच्या दारापर्यंत, अनवाणी, एका पायाचे ठसे. वेढ्याला आडवे छेदून सरळ उंबऱ्याशी.

"ओड्डुर!" केटिलने हाक मारली. "तू गठ्ठ्यांकडे कशाला गेला होतास?"

ओड्डुर आला, बघत राहिला. त्याने डोकं खाजवलं. "गेलो असेन. उठल्यावर एक घोट घेतला होता. थॉरीला बाहेर पडायचं म्हणजे पोटात काहीतरी पेटलेलं लागतं."

"एकच घोट?"

"बाटलीला घोट मोजता येत नाहीत, केटिल."

कोल्बेइन खिडकीतून ओरडला, "तो पिऊन भरकटला, एवढंच! अनवाणी पाय आहे ना? मग झालं!"

केटिल बर्फात गुडघ्यांवर बसला. पोलीस असा बसला की लोक गप्प होतात; तलावाचा रखवालदार बसला तर लोकांना वाटतं काहीतरी तुंबलंय. इथे दोन्ही झालं.

वेढ्यातल्या प्रत्येक ठशाच्या बाजूने एक रेघ होती. कोणीतरी झाडू ओढत न्यावा तशी. शेपटाच्या ठशांशेजारी रेघ नव्हती. नुसते ठसे. स्वच्छ.

"ओड्डुर, तू कुठल्या पायावर लंगडी घालतोस?"

ओड्डुरला हा प्रश्न खानदानावर आल्यासारखा वाटला. "उजव्या! बाप उजव्यावर, आजा उजव्यावर. आणि माझा डावा गुडघा तर मेंढ्याने मोडलाय. डाव्यावर मी देवळातसुद्धा उभा राहत नाही."

केटिलने शेपटाचा ठसा पुन्हा पाहिला. अंगठा उजवीकडे होता.

"ड्रीवा," तो उठत म्हणाला, "कुंडात पाणी गरम आहे ना?"

"नेहमीच असतं."

"मग सगळ्यांना सांग, कपडे काढा. चौकशी कुंडात होईल."

५

ओड्डुरच्या घरामागे जमिनीतून गरम पाणी येतं आणि दगडांनी बांधलेल्या कुंडात साठतं. त्यात बसून या देशात लग्नं ठरतात, सरकारं पडतात. बाहेर वारा कान कापत असतो आणि पाण्यात माणूस खरं बोलायला लागतो, कारण उठून जायची सोय नसते.

पण आधी अंघोळ.

"मी घरून करून आलोय," कोल्बेइन म्हणाला.

"काल?"

"परवा. ती चालते."

"कोल्बेइन, साबण तिथे आहे. डोकं, काखा आणि खाली. मी बघतोय."

"मी एका शाळेचा मुख्याध्यापक—"

"खाली, म्हणालो."

माजी मुख्याध्यापक गेला आणि गुलाबी होऊन परतला. रानवेग आधीच पाण्यात होती, ड्रीवा शेजारी. ओड्डुर कठड्यावर वाळवलेला मासा दाताने ओढत बसला. त्याचा उजवा तळपाय बीटासारखा लाल होता आणि तो सगळ्यांना दाखवत होता.

टोर्फी शेवटी आला. पाण्यात उतरला, पण अर्धाच. डावा पाय त्याने कठड्यावर वर ठेवला होता, मोज्यासकट.

"मोजे घालून कुंडात?" ओड्डुर म्हणाला. इतका दुखावलेला आवाज त्याने बिशपसाठीही काढला नव्हता.

"जखम आहे," टोर्फी हसला. "चिघळायला नको."

केटिल पाण्यात मानेपर्यंत बसला. डोक्यावर पोलिसाची टोपी तेवढी ठेवली होती, काम चालू असल्याची खूण म्हणून.

"बिशप कोणी मारला ते सांगतो," तो म्हणाला. "ज्याने मारला तो बर्फ पडत असताना घरातून गेला. जाताना ठसे उमटले, पण वरून बर्फ पडून बुजले. खोपटाच्या पडवीतून कुऱ्हाड घेतली. गुहेच्या छताला भोक आहे, त्यातून आभाळ दिसतं. त्याला त्या भोकात हिरवे उजेड हवे होते आणि खाली बिशप. म्हणून तो आभाळ मोकळं होईपर्यंत थांबला. थांबणारा माणूस आहे तो. उजेड आले, त्याने फोटो घेतला, आणि मग दुसऱ्या कोणाला घेता येऊ नये म्हणून बिशप तोडला."

"नीच!" रानवेग म्हणाली. मग थोडा विचार करून, "मला का नाही सुचलं?"

"पण आभाळ मोकळं झालं म्हणजे बर्फ थांबला. परत येताना ठसे बुजणार नव्हते. तो गठ्ठ्यांपाशी आला, दिव्याच्या उजेडात बघतो तर कोऱ्या बर्फावर ओड्डुरची लंगडी. दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस असता तर घाबरून पळाला असता. हा आपलाच. आज थॉरी आहे, आज एका पायाचा अनवाणी ठसा कोणी दोनदा बघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने बूट काढले, हातात धरले आणि लंगडी घालत मागच्या दाराने आत आला."

ओड्डुरने मासा खाली ठेवला.

"रीत आठवली, पण अर्धीच. ओड्डुरच्या ठशांशेजारी लोंबत्या पँटची रेघ आहे. याच्या शेजारी नाही, याने पँट नीट घातली होती. आणि ओड्डुर उजव्या पायाचा. हा डाव्या. ठसा मोठा आहे, म्हणजे बाईमाणसाचा नाही. राहिले दोघं." केटिल वळला. "कोल्बेइन, पाय वर कर."

कोल्बेइनने पाय वर केला. तो पांढरा, सुरकुतलेला आणि पूर्णपणे निरपराध होता.

"टोर्फी. मोजे काढ आणि पाय पाण्यात घाल."

"माझी जखम—"

"पाण्यात."

टोर्फीने हळूहळू मोजे उतरवले. जखम कुठेच नव्हती. तळपाय लालनिळा सुजला होता, ओड्डुरच्या पायाचा जुळा भाऊ, फक्त डावा. पाय पाण्याला लागला मात्र, आणि त्या मऊ आवाजाच्या माणसाने अशी किंकाळी फोडली की तबेल्यातले घोडे उत्तर द्यायला लागले.

६

"दुसरा!" टोर्फी दातओठ खात म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं आणि त्यामुळे तो जरा बरा दिसत होता. "दर वर्षी दुसरा! आणि दर वर्षी तुमचं अभिनंदन! हिची ती मेंढी, धूसर! याचं ते दीपगृह, वाकडं! तिघांकडे तोच बिशप असता तर पुन्हा मीच दुसरा आलो असतो. आता एकच आहे. माझ्याकडे. तुम्ही मला तुरुंगात घाला, पण भिंतीवर तोच लागणार!"

"आणि मी?" ड्रीवाने विचारलं. "मला मासे कापायला पाठवत होतास."

"मी तुला माफ केलं होतं ना," टोर्फी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

केटिलने टॉवेल गुंडाळून कॅमेरा मागवला. पुरावा म्हणून फिल्म ताब्यात घ्यावी लागणार होती. टोर्फीने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःच फिल्म उलटी गुंडाळायची कळ फिरवली.

कळ फिरली. फारच सहज फिरली. फिरतच राहिली, रिकाम्या रहाटासारखी.

टोर्फीने ती थांबवली. पुन्हा फिरवली. मग, काय करतोय ते कळायच्या आत, त्याने कॅमेऱ्याची पाठ भर दिवसा, फिल्म जाळणाऱ्या उजेडात उघडली. कोल्बेइनने डोळे झाकले; बिशपचं धड त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण हे त्याला बघवेना.

आत फिल्मचं टोक तुटलेलं होतं. टोर्फीने हात लावला तसे वाळक्या पानासारखे दोन तुकडे त्याच्या तळहातावर पडले. पहाटे तो कळ दाबत होता, फिल्म फिरवत होता, आणि आत काहीच पुढे सरकत नव्हतं.

"हळू फिरव म्हणाले होते," ड्रीवा म्हणाली.

बिशपचा फोटो जगात कुठेच नव्हता. ओड्डुरने एकदा मोबाइलवर काढला होता, पण त्यात त्याचा अंगठा आणि कुत्रा होता. बिशप मागे कुठेतरी असावा.

"बिशपच्या खुनाला कायद्यात कलम नाही," केटिल टोर्फीला म्हणाला. "निसर्गाची नासधूस केल्याचं आहे. कपडे घाल. दोन्ही मोजे एकेका पायात."

टोर्फीला आपल्या बर्फावरच्या स्कूटरवर मागे बसवून तो निघणार तेवढ्यात कोल्बेइनने घसा साफ केला. "ठीक आहे. चूक कोणाचीही होते. फोन मी काही केलेला नाही. ड्रीवा, तू आम्हाला उद्या दुसरी एखादी गुहा दाखव. विषय संपला."

"दाखवते," ड्रीवा म्हणाली. ती घरात गेली आणि हातावर काहीतरी टाकून परत आली. ओड्डुरची पँट होती, मेंढ्यांचा वास असलेली. "आधी हे."

"काहीतरीच काय! मी बोलण्याच्या ओघात—"

"साक्षीला मी आहे," रानवेग म्हणाली. तिने कॅमेरा कधीच तिकाटण्यावर चढवला होता.

कोल्बेइनने केटिलकडे पाहिलं. अर्धा पोलीस स्कूटर बंद करून आरामात बसला होता.

मंडळाचा अध्यक्ष पँटच्या एका पायात शिरला. दुसरा पाय मागे लोंबत सोडला. मोजा काढला, बर्फावर पाय टेकवला आणि असा शब्द बोलला जो त्याने कधी शाळेत कोणाला बोलू दिला नसता. मग उडी मारली. मग आणखी एक. हिमनदीच्या निळ्या भिंतीखाली, कलत्या गुलाबी उन्हात तो लंगडत चालला, आणि त्याच्या मागे बर्फावर एक लांब रेघ उमटत गेली.

"उजव्या पायाने!" ओड्डुर ओरडला. "नीट कर!"

"थोडं डावीकडे," ड्रीवा म्हणाली. "ऊन चेहऱ्यावर येऊ दे. थांब. पुन्हा उडी मार."

रानवेगने कळ दाबली. मग स्कूटरवरून टोर्फी कळवळून म्हणाला, "हा पहिला येणार," आणि सवयीने पुढे म्हणाला, "अभिनंदन."